प्रेमिलाच्या उंचीचा दोरा

सक्करदरा, नागपूर
ता. ३ एप्रिल १९८३

मनोहररावांस देवरावचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. गेल्या मे महिन्यात तुम्ही दवाखान्याच्या पायऱ्या उतरून गेलात, त्यानंतर सात वेळा मी कागद घेऊन बसलो. सहा वेळा तुमचं नाव लिहून थांबलो. सातव्या वेळी मजकूर बराच झाला होता, पण पाकिटावर तालुका लिहू की जिल्हा याच्या काळजीत ते पत्र तसंच राहिलं. माझं शिक्षण चौथीचं, तेही अर्धं. चुका असतील तर हसा, पण वाचा.

तुमच्या गावचा दादाजी संत्रा मार्केटात भेटला. प्रेमिलाचं लग्न ठरलं, मे अखेरीस आहे, असं म्हणाला. पाहुणे कोण, कुठले, हे मीच त्याला विचारलं, तेव्हा तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मुलीच्या आत्याच्या नवऱ्याला मुलीचं लग्न बाजारात कळावं, हे त्यालाही बरं वाटलं नसावं. मी म्हटलं, पत्रिका पोस्टात अडकली असेल. पोस्टावर मी उगाच आळ घेतला.

आता कामाचं लिहितो. तुमच्या घराण्याची रीत मला ठाऊक आहे. तुमच्याकडे मुंडावळ्या बांधताना मुलीला पाटावर बसवत नाहीत. मांडवाच्या दारात ती उभी राहते आणि आत्या समोर उभी राहून, दोन्ही हात तिच्या डोक्यामागे नेऊन गाठ मारते. कौसल्याला तुमच्या आत्याने अशाच बांधल्या होत्या. मी बोहल्यावरून पाहत होतो. गाठ इतकी पक्की होती की दुसऱ्या दिवशी ती कात्रीने कापावी लागली, आणि कात्री माझ्याच खिशात निघाली म्हणून सगळे हसले होते. तर कळवतो की प्रेमिलाच्या मुंडावळ्या कौसल्याच बांधणार. त्यासाठी आम्ही तयारीला लागलो आहोत.

तिच्या तब्येतीचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. ऑपरेशननंतरचे शेक संपले. कोबाल्टच्या मशीनचे पंचवीस ठरले होते, त्यावर दोन वाढले, सत्तावीस झाले. काखेखालची कातडी करपून वांग्याच्या सालीसारखी झाली होती. सालं निघाली, आता नवी कातडी आली आहे, पण ती लहान मुलाच्या कातडीसारखी हळवी आहे. पदर घासला तरी लाल होते. थकवा मात्र अजून गेला नाही. भाजी निवडायला बसते आणि निवडता निवडता भिंतीला टेकते. आता रोज हार्मोनच्या गोळ्या आहेत, सकाळी एक, संध्याकाळी एक. त्यांचं नाव मला वाचता येतं, म्हणता येत नाही. त्या गोळ्यांनी तिला आतून वाफ येते. छातीतून निघते, मानेवर चढते, आणि पाहता पाहता केसांतून पाणी गळतं. नागपूरचा उन्हाळा बाहेर, आणि दुसरा तिच्या पोटात. कूलरपुढे बसवावं तर पाच मिनिटांत हुडहुडी भरते. मग म्हणते, "बंद करा तो कूलर." मी बंद करून बसतो न बसतो तोच म्हणते, "काहून बंद केला?"

डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दवाखान्यातल्या बाईंनी युक्ती सांगितली की भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, कोळी चढतो तशी. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर टेप लावून खडूने इंचाइंचाच्या रेघा मारल्या. फेब्रुवारीत अठ्ठेचाळीस इंचांवर बोटं थांबत होती. काल बावन्नावर टेकली. मधे दोन दिवस घसरून पन्नासाला आली होती, तेव्हा मला जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या रेघेबद्दल, जिच्यावरून तुम्ही रागावून गेलात, आज फार लिहीत नाही. शेक कुठे द्यायचा यासाठी मशीनवाल्यांनी तिच्या छातीवर काढलेली शाईची रेघ तीन दिवसांच्या सुट्टीत घामाने पुसली, ती मी कापडावर खुणा करायच्या माझ्या कॉपिंग पेन्सिलीने पुन्हा काढली, आणि ती चुकली. दोन शेक चुकीच्या जागी गेले. माझा चष्मा जुना होता, नंबर वाढला होता. आता नवा घेतला आहे.

पत्रिका पाठवा.

तुमचा,
देवराव


ता. १४ एप्रिल १९८३

मनोहरराव,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. आधी एक तक्रार. असल्या गोष्टी पोस्टकार्डावर लिहितात का? आंतरदेशीय पत्र लिहायचं होतं, ते चिकटवता तरी येतं. पोस्टमनने कार्ड देताना माझ्याकडे पाहिलंच नाही, त्यावरून समजलो की त्याने वाचलं आहे. शेजारच्या शोभाताईंकडे त्याआधी तो दहा मिनिटं पाणी पीत बसला होता. म्हणजे आता गल्लीला माहीत झालं की कौसल्याच्या सख्ख्या भावाच्या मते तिचं अंग अपुरं आहे.

तुम्ही लिहिता, जुनी माणसं म्हणतात शुभकार्यात मुंडावळ्या बांधायला पूर्ण अंगाची सवाष्ण लागते. वहिनींची बहीण बांधेल. कौसल्याबाईने दगदग करू नये, यावं आणि मागे खुर्चीवर स्वस्थ बसावं.

कोणती जुनी माणसं? मला नावं कळवा. मला एक जुना माणूस आठवतो, तुमचे वडील. कडबा कापायच्या यंत्रात त्यांची दोन बोटं गेली होती. राहिलेल्या तीन बोटांनी त्यांनी कौसल्याचा हात माझ्या हातात दिला. मांडवात पाचशे माणूस होतं. त्यांच्या अंगाची बेरीज करायला कोणी पुढे आलं नाही. भटजीनेही दक्षिणा त्याच तीन बोटांतून घेतली. पुरुषाची दोन बोटं गेली तर ती कष्टाची खूण, आणि बाईचा आजार कापून काढला तर ती अपुरी? मी अडाणी आहे. हा हिशेब मला समजावून सांगा.

रागावून लिहितो आहे, पण घरात काय झालं तेही लपवत नाही. कार्ड मी सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. तिने धुण्याला सदरा घेताना वाचलं. त्या दिवशी भिंतीकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी म्हटलं, "आज बोटं चालली नाहीत." तर म्हणाली, "कुठं जायचं हाय त्याइले?"

परवा तिखटाच्या डब्यात मला आगपेटी सापडली. तिच्यात अकरा गोळ्या होत्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ गोळी हातावर ठेवतो, पाणी देतो आणि खुळ्यासारखा भांडं परत नेतो. ती गालात धरत होती. मी आगपेटी तिच्यापुढे ठेवली.

"हे काय होय?"

"दिसते नं. गोया हायेत."

"डॉक्टर म्हणाले पाच वर्षं..."

"डॉक्टरच्या आंगाले वाफ येते का? मांडवात चारशे माणसाईत मी घामानं निथळत उभी राहू? लोक म्हणतीन, पाहा वं, बुढी वितळून राहिली. नाहीतरी आता खुर्चीतच बसाचं हाय. खुर्चीत बसाले गोया कायले पाह्यजे?"

"कौसल्ये, हे काही खेळणं नव्हे. आजार परत आला तर?"

तेव्हा ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी रेघा मारा, मी गोया सोडतो. घरात दोन डॉक्टर झाले."

वर्षभरात ती त्या रेघेवरून मला एक शब्दही बोलली नव्हती. पहिल्यांदा बोलली. मी उठून आगपेटी घेऊन बाहेर गेलो, आणि बाहेर काय करायचं ते न सुचून पुन्हा आत येऊन ती डब्यापाशी ठेवली.

तुमच्या एका कार्डाने अकरा गोळ्यांचं नुकसान झालं. मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, आजपासून पुन्हा सुरू करा, एकही चुकवू नका. पण ती घेत नाही. मुंडावळ्या कोण बांधणार हा तुमच्यासाठी मानपानाचा प्रश्न असेल. माझ्या घरात तो आता औषधाचा प्रश्न झाला आहे. एवढं लक्षात ठेवून उत्तर लिहा, आणि चिकटवून पाठवा.

देवराव


ता. २५ एप्रिल १९८३

मनोहरराव,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. पण काल वहिनी आल्या. गांधीबागेत लग्नाचं कापड घ्यायला आल्या होत्या, तिथून रिक्षाने आमच्याकडे आल्या. तुम्हाला न सांगता आल्या की सांगून, ते मी विचारलं नाही. घरी जे बोलणं झालं ते त्या तुम्हाला सांगतील, पण सगळं सांगतील की नाही याची मला शंका आहे, म्हणून मी लिहितो.

वहिनी दारातच बसल्या. कौसल्याने पाणी दिलं. त्यांनी भांडं हातात धरलं, प्यायल्या नाहीत. त्यांची नजर कौसल्याच्या डाव्या हातावर होती. तो हात सुजतो, त्यात बांगडी घालायची नाही असं दवाखान्याने सांगितलं आहे. होत्या त्या कापून काढल्या. तेव्हापासून कौसल्या दोन्ही हातांच्या बांगड्या उजव्यातच घालते. कोपराच्या अर्ध्या वाटेपर्यंत येतात.

वहिनी म्हणाल्या, "बाई, एक हात मोकळा बरा नाही दिसत. सवाष्णीच्या..."

"मोजून घे सुभद्रे. बारा हायेत. एकही कमी नाही. फक्त साऱ्या एका घरी राह्याले गेल्या."

वहिनींना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. मग म्हणाल्या, "बाई, माह्यं काही नाही. गावातल्या बायका बोलतात. पोरीच्या सासरचेही हायेत. उद्या पोरीले काही झालं, तं नाव तुमचं येईन."

"आन् तुह्या बहिणीनं बांधल्यावर काही झालं, तं कोणाचं येईन?"

"असं काहून बोलता बाई?"

"मंग कसं बोलू? पाणी काहून नाही पेली तू? तो रोग भांड्यातून नाही लागत वं. लागत असता तं ह्या माणसाले पह्यले लागला असता. वर्षभरापासून माह्या उष्ट्या ताटात जेवून राहिला, पाहा कसा टुणटुणीत हाय."

मी टुणटुणीत नाही. मला गुडघ्याचा त्रास आहे आणि छातीत धडधडतं. पण मी त्या वेळी ताठ बसलो.

तेवढ्यात तिला वाफ आली. चेहरा लाल झाला, कपाळावरून धारा लागल्या. वहिनी घाबरून उठल्या, "बाई, काय होऊन राहिलं?"

"काही नाही. गोयी घेतो मी, त्याची वाफ हाय. बस. दोन मिनिटात जाते. माह्यासंग बस दोन मिनिटं."

म्हणजे ती गोळी घेत होती! मला न सांगता. आगपेटीतल्याच. अकरा गोळ्या म्हणजे साडेपाच दिवस, मी बसल्या जागी मनात मोजलं, आणि वहिनींसमोर माझे डोळे भरले, म्हणून मी शिलाई मशीनवर वाकून दोरा ओवायला लागलो. नवा चष्मा असून तो ओवला गेला नाही.

वहिनी बसल्या. पदराने त्यांनी कौसल्याची मान पुसली. मग ते भांडं उचलून पाणी प्यायल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "बाई, दोन्ही हात वर जातात का तुमचे?" कौसल्या भिंतीपाशी गेली. चौपन्न इंच. म्हणजे ती माझ्या पाठीमागे भिंतही चढत होती. वहिनी तुमचं नाव न घेता म्हणाल्या, "मी त्याइले सांगतो."

आता त्या रेघेचं. पहिल्या पत्रात मी चष्म्याचं लिहिलं ते खोटं होतं. ज्याची बहीण आहे त्याच्याशी खोटं बोलून मुंडावळ्यांचा मान मागणं बरोबर नाही.

तुम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला म्हणालात, "भाऊजी, ते कापड नव्हतं. माही बहीण होती." अकरा महिने ते वाक्य माझ्या कानात आहे. खरं काय झालं ते ऐका.

सुट्टीचा तिसरा दिवस होता. घामाने काखेजवळची रेघ पूर्ण गेली होती. मला भीती वाटली की सोमवारी रेघ दिसली नाही तर मशीनवाले म्हणतील, सगळं पहिल्यापासून करा. ती चौदा शेक घेऊन आधीच अर्धी झाली होती. दवाखान्यात सांगितलं असतं तर त्यांनी कागद पाहून पाच मिनिटांत रेघ काढून दिली असती, हे मला नंतर कळलं. पण मी चाळीस वर्षं खुणा करून कापडं कापली आहेत. खूण पुसली तर शिंप्याने पुन्हा मारायची, गिऱ्हाइकाकडे जायचं नसतं, हेच माझ्या हाताला ठाऊक. मी पेन्सिल जिभेला लावली. तिने हात जेवढा वर होत होता तेवढा धरला. मी एका दमात रेघ ओढली. हात थरथरला नाही. दिसतही चांगलं होतं.

चूक अशी झाली की ती रेघ तिच्या पोलक्याच्या मुंढ्याची, बाही जोडतात तिथली, होती. पस्तीस वर्षं मी तिची पोलकी शिवली, आणि पस्तीस वर्षांत तिचं माप टेपने कधी घेतलं नाही. गरजच पडली नाही. हाताला पाठ होतं. त्या दिवशी माझ्या हाताने तेच पाठ माप काढलं, ऑपरेशनच्या आधीचं. जे अंग आता तिथे नव्हतं, त्याला वळसा घालून रेघ गेली. मशीनवाल्याच्या रेघेपासून इंचभर मागे. दुसऱ्या दिवशी शेक झाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, पण तोवर दुसराही झाला होता.

डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं, ते तुम्ही पाहिलं. नंतर आत बोलावून म्हणाले, दोन शेक वाढवतो, भरून निघेल, पाठीकडची भाजलेली जागा बरी होईल. ती झाली. हात आखडला तो ऑपरेशनने आणि शेकांनी आखडला, माझ्या रेघेने नाही, असंही म्हणाले. मी त्यांना हा प्रश्न चार वेळा विचारला आहे. आता ते मला पाहिलं की आधीच मान हलवतात.

तर ते कापड नव्हतं हे मला ठाऊक होतं, मनोहरराव. कापडाचं माप मी नेहमी घेतो.

देवराव


ता. ६ मे १९८३

मनोहररावांस सप्रेम नमस्कार.

पत्रिका मिळाली. पाकिटातून आली, चिकटवलेली. आत तुमच्या अक्षरात दोन ओळी होत्या. "बाईने बांधावे. पण हात पोचला नाही तर चारचौघांत हसे नको. आधी खात्री करून कळवावे." त्या दोन ओळी कौसल्याने तीन वेळा वाचल्या आणि म्हणाली, "हा लहानपणापासून असाच हाय. हो म्हणीन, पण शेपूट लावून."

खात्री करून कळवतो. काल डाव्या हाताची बोटं छप्पन्न इंचांवर टेकली. उजव्याचा प्रश्नच नाही. तिथे दोन्ही हात धरून तिला नाडीची गाठ मारायला लावली, भिंतीत खिळा ठोकून. तीन वेळा गाठ पक्की बसली. चौथ्या वेळी हात खाली आला, पण गाठ आधीच झाली होती. त्यात एकदा वाफही आली, तरी तिने गाठ सोडली नाही. खिळ्याला शिव्या दिल्या फक्त.

लग्नासाठी तिला नवं पोलकं शिवतो आहे. डाव्या बाजूला आतून मलमलची मऊ गादी भरावी असा माझा विचार होता, म्हणजे साडीतून फरक दिसणार नाही. तिने विचारलं, "कोणापासून लपवाचं हाय?" मग ती हात पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या माप. जसं हाय तसं घ्या." मी टेप घेतला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. वहीत नवं पान काढून आकडे लिहिले, डाव्या बाजूचे वेगळे, उजव्या बाजूचे वेगळे. लिहिताना दोनदा चुकलो, दोनदा पुन्हा मोजलं. तिने कंटाळा केला नाही. डावी बाही सुजेला जागा राहील अशी सैल ठेवली आहे. हिरवा खण आहे. कापडाला जोड दिलेला नाही.

आता माझं एक काम करा. माझ्या वहीत प्रेमिलाचं माप आहे, पण ते ती नववीत असतानाचं, शाळेच्या झग्याचं. तेव्हा ती साठ इंच होती. आता किती झाली? दादाजी म्हणतो बरीच उंच निघाली, तुमच्यावर गेली. कौसल्या म्हणते, "एवढी काय वाढीन, माह्या कानाएवढी असन." मी म्हणतो, अंदाज नको. आठवणीने माप धरायचं मी सोडलं आहे.

तिला अनवाणी भिंतीला उभी करा. लग्नात घालणार तसा अंबाडा घालायला सांगा. तळपायापासून, जिथे मुंडावळीची गाठ येईल तिथपर्यंत, डोक्यामागे, पक्का दोरा धरा. सुतळी नको, ती ताणते. दोन्ही टोकांना गाठी मारा आणि दोरा गुंडाळून पाकिटात पाठवा. इंचाचा आकडा लिहू नका, तुमच्या घरचा टेप मी पाहिला आहे, तो सुरुवातीला फाटलेला आहे.

दोरा आला की त्या उंचीवर खिळा ठोकतो. साठावर असेल तर चार इंच चढायचे आहेत, बासष्टावर असेल तर सहा. दिवस थोडे आहेत. ती चढेल, पण कुठपर्यंत चढायचं ते तिला कळलं पाहिजे. रोज सकाळी गोळी घेऊन ती भिंतीपाशी उभी राहते आणि विचारते, "आला का दोरा?"

उद्याच्या टपालाने पाठवा. पाकीट चिकटवायला विसरू नका.

तुमचा भाऊजी,
देवराव